आधी पायाखाली उजेड, मग कारंज्यावर

ठाण्याच्या सेंट्रल पार्कचे रात्रीचे फोटो टाकून गेल्या आठवड्यात चार-पाच जणांनी मला टॅग केलंय. "दादा, ठाण्याला होतं मग आपल्याकडे का नाही? बंद पडलेले कारखाने आहेत, पडीक शेड आहेत, पुलाखाली जागा आहे. बाग करा, लायटिंग करा, एक कारंजं लावा. तुम्ही पत्रकार लोक यावर लिहीत का नाही?"

लिहितो. पण वाचून सगळ्यांना आवडेलच असं नाही. पोस्ट मोठी आहे, जेवणं उरकून निवांत वाचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे अर्धवट वाचून कुणी भांडायला नको. जुन्या कारखान्याच्या जागेवर बाग हवी. उजेड हवा. भिवंडीला आणि मानकोलीला तर ठाण्यापेक्षा जास्त हवा. पण कामाला एक क्रम असतो. आधी माती आणि पाणी, मग चालायची वाट, मग त्या वाटेवरचा दिवा, मग त्या जागेची आठवण आणि सगळ्यात शेवटी रंगीत लायटिंग. आपल्याकडे शेवटचं काम पहिलं होतं, त्याची फीत कापली जाते आणि बाकीच्या चार कामांची फाईल कुठल्या कपाटात गेली ते कुणाला कळत नाही.

आता ठाण्याच्याच बागेपासून सुरुवात करू.

कोळशेतचं ते "नमो द ग्रँड सेंट्रल पार्क" फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालं. साडेवीस एकर. जागा छान आहे, यात वाद नाही. मीपण घरच्यांना घेऊन जाऊन आलोय. पण तिथे आधी काय होतं हे किती जणांना माहीत आहे? तिथे बायर कंपनीचा रसायनांचा आणि कीटकनाशकांचा कारखाना होता. शंभरेक एकरांची जमीन. ती बांधकाम व्यावसायिकाकडे गेली, टॉवर उभे राहिले आणि त्या व्यवहारातून, टीडीआरच्या मोबदल्यात, पालिकेला ही बाग मिळाली. म्हणजे तुम्ही ज्याला "ठाण्याला होतं" म्हणता ती एका बंद कारखान्याच्या जागेची बाग आहे. खाडीच्या अलीकडे काल्हेर, पलीकडे कोळशेत. आपल्या समोरची गोष्ट आहे ही.

त्या बागेत मुघल बाग आहे, मोरोक्कन बाग आहे, चिनी आहे, जपानी आहे. तिकीट काढून आत जायचं, फोटो काढायचे, बाहेर यायचं. फिरून आलेल्या एखाद्या पोराला विचारा, "इथे आधी काय होतं रे?" त्याला सांगता येणार नाही. जपानचा पूल त्याला माहीत झाला. आपल्याच जिल्ह्यातली माणसं जिथे भोंगा वाजला की गेटवर कार्ड पंच करायची, ते मात्र माहीत नाही.

हा दोष त्या पोराचा नाही. जुन्या कारखान्याची जागा म्हणजे पाटी पुसून पुन्हा लिहायची जागा, असंच आपण सगळ्यांनी धरून चाललोय.

आता आपल्याकडे या.

मानकोली कारखान्याचं गाव कधीच नव्हतं. भातशेती, खाडी, मासळी. नाशिक हायवे गावाला चिकटून गेला आणि मग गोदामं आली. दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, सगळीकडे तेच. शेतात भराव पडला, भरावावर पत्र्याचे गाळे उभे राहिले. मुंबईकर मोबाईलवर बोट दाबतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारात खोकं येतं, ते खोकं बऱ्याचदा आपल्या पट्ट्यातून निघालेलं असतं. २००७ पासून भिवंडीभोवतालच्या गावांचं नियोजन एमएमआरडीएकडे आहे. म्हणजे आपलं गाव ग्रामपंचायतीचं, पण गावाचा नकाशा वांद्र्याला.

आणि पाच-सात किलोमीटरवर भिवंडी शहर. यंत्रमागाचं शहर. तिथले माग गेली काही वर्षं किलोच्या भावाने भंगारात जातायत. सुताच्या भावाचे चढउतार, विजेचा दर, नोटाबंदी, जीएसटी, बाहेरचं स्वस्त कापड, कारणं तुम्हाला पाठ आहेत. ज्या शेडमध्ये रात्रंदिवस खटखट चालायची तिथे आता गोदाम, नाहीतर कुलूप. सायझिंगच्या जागा रिकाम्या होतायत. उद्या या जागांचं काय करायचं, हा भिवंडीपुढचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. आणि मोठागावचा पूल झाल्यापासून डोंबिवली आपली शेजारीण झालीय, त्यामुळे मानकोलीच्या जमिनीचंही तेच होणार. आजचे पत्र्याचे गाळे कायमचे नाहीत. भाव वाढला की गाळा जाईल, टॉवर येईल आणि टॉवरच्या जाहिरातीत हिरवळ आणि पिवळे दिवे असतील.

म्हणून हे आत्ता बोलायला हवं. टेंडर निघाल्यावर बोलून उपयोग नसतो.

मुंबईत याआधी काय झालं ते बघू या. आपल्याला नवीन शोध लावायची गरज नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. संप मोडला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांचं बरंचसं कापडाचं काम आपल्या भिवंडीच्या मागांवर आलं. म्हणजे भिवंडीची भरभराट आणि परळ-लालबागची वाताहत ही एकाच ताग्याची दोन टोकं आहेत. मागे राहिली ती जमीन. सुमारे ६०० एकर, आणि तीही मुंबईच्या मधोमध.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम होता. ढोबळ अर्थ असा, की गिरणीची जमीन विकासाला काढली तर एक तृतीयांश पालिकेला बागा-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सरकारी गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार करून आराखडा दिला. सुटी सुटी गिरणी न धरता सगळी जमीन मिळून रस्ते, मोकळ्या जागा, चालणाऱ्यांसाठी चौक अशी मांडणी होती. तो अहवाल बाजूला राहिला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त "मोकळ्या" जमिनीची, बांधकामाखालची जमीन त्यात धरायची नाही. गिरणी म्हणजे सगळं बांधकामच, मग मोकळी जमीन उरते किती? प्रकरण कोर्टात गेलं आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. जनतेच्या वाट्याची बाग कागदावरच आटली.

नियमातला एक शब्द बदलला आणि शेकडो एकर बाग गेली. सुशोभीकरणावर बोलताना आपण दिव्यांच्या रंगावर भांडतो. खरा खेळ तिथे होतो, नियमाच्या त्या एका ओळीत.

मग त्या जमिनीवर काय आलं? काचेचे टॉवर आले, मॉल आले, पब आले. दिसायला झकास. जुनी चिमणी ठेवायची, तिच्यावर खालून लाईट मारायची आणि तिच्या सावलीत कॉफी विकायची. आत कापलेली हिरवळ, दगडी फरशी, झाडांच्या बुंध्यात दिवे. आणि गेटबाहेर? गेटबाहेर स्टेशनला जायचा तोच जुना अरुंद रेल्वे पूल. गिरणीच्या जागेत जिथे आधी भोंग्यावर माणसं यायची तिथे आता हजारोंनी ऑफिसवाले येऊ लागले. पूल तेवढाच. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी, पावसात, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. २३ माणसं गेली.

बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबर २०१७ ला, मध्यरात्रीनंतर कमला मिल्समध्ये आग लागली. तीपण जुन्या गिरणीचीच जागा. गच्चीवरचे पब, छताला सजावट, दिव्यांचा लखलखाट. १४ माणसं गेली, बरीच जण बाहेर पडायचा रस्ता सापडला नाही म्हणून प्रसाधनगृहात अडकून धुराने गुदमरली.

या दोन घटना एकत्र ठेवून बघा. दोन्ही ठिकाणी पैसा कमी नव्हता. उजेडही कमी नव्हता. जिथे बघायचं तिथे उजेड होता, जिथून चालायचं तिथे जागा नव्हती आणि जिथून बाहेर पडायचं ती वाट नव्हती. जागेचं सौंदर्य आणि माणसाची वाट या दोन वेगळ्या फाईली करून ठेवल्या की असं होतं.

"दादा, हे मुंबईचं झालं, आपल्याकडे कुठे एवढी गर्दी?" असं म्हणू नका. २९ एप्रिल २०२३ आठवा. आपल्या शेजारी, वळपाड्यात, खाली गोदाम आणि वर घरं असलेली इमारत कोसळली. आठ जीव गेले. ज्या पट्ट्यात माणसाच्या डोक्यावरचं छप्पर तपासायला कुणी जात नाही, तिथे पुलाच्या खांबांना जांभळे दिवे लावायला मात्र लगेच पैसे सापडतात, हे मला पटत नाही. मला ते अश्लील वाटतं. शब्द जड आहे, पण तोच आहे.

गिरणगावातली अजून एक गोष्ट. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३. तिथे मुंबई पालिका वस्त्रोद्योग संग्रहालय करणार, हे किती तरी वर्षं ऐकतोय. कल्पना उत्तम. कामगारांची मागणीही जुनी. पण पहिल्या टप्प्यात पुढे काय आलं? तलावाभोवतीचं सुशोभीकरण, संगीतावर नाचणारं कारंजं, भित्तिशिल्पं. माग, चाती, मस्टर, कामगारांच्या आठवणी, म्हणजे खरं संग्रहालय, ते पुढच्या टप्प्यात. गिरणी कामगारांची पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. कारंज्याला वय नसतं, ते दहा वर्षांनीही लावता येतं. ज्याने रिंग खात्यात तीस वर्षं काढली तो म्हातारा दहा वर्षं थांबणार आहे का?

क्रम उलटा म्हणतो तो असा.

आता लायटिंगकडे येतो, कारण तुम्हा सगळ्यांना त्याचीच हौस आहे.

मुंबई पालिकेने २०२२ मध्ये सुशोभीकरणाचा मोठा कार्यक्रम काढला. सुमारे १,७०० कोटींचा. त्यात विजेच्या खांबांना रंगीत पट्ट्या, पुलांना दिवे, झाडांना माळा. मग ठाणे, मीरा-भाईंदर, सगळीकडे तीच साथ. झाडाच्या बुंध्याला वायर गुंडाळायची, खिळे ठोकायचे आणि रात्रभर निळा-हिरवा उजेड पाडायचा. २०२४ मध्ये ठाण्यातल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, न्यायालयाने पालिकांना नोटिसा काढल्या आणि मग झाडांवरच्या माळा उतरवायला सुरुवात झाली. म्हणजे लावायचे पैसे आपले, काढायचेही पैसे आपले.

झाडाला रात्र लागते. दिवस किती तासांचा आणि रात्र किती तासांची, यावर पानगळ आणि फुलोरा ठरतो. रात्रभर तोंडावर फोकस मारला तर माणसालाही झोप लागत नाही, तिथे पाखरं आणि वटवाघळं कुठे जाणार? हे समजायला शास्त्रज्ञ व्हायला नको. आपल्या आज्या सूर्य मावळल्यावर झाडाला हात लावू देत नव्हत्या, "झोपलंय ते" म्हणायच्या. त्यांच्याकडे डिप्लोमा नव्हता.

मग प्रश्न येतो, सगळ्यांना हीच लायटिंग का सुचते? कारण सोपं आहे. मातीची तपासणी फोटोत दिसत नाही. नाल्याची मोरी रुंद केलेली ड्रोनमधून छान दिसत नाही. दिवे दोन आठवड्यांत लागतात, रात्री उद्घाटन करता येतं, रील होते. मालाची किंमत ताडून बघायला सामान्य माणसाकडे माप नसतं. आणि वर्षभराने अर्धे बंद पडले की "देखभाल दुसऱ्या खात्याकडे" म्हणून मोकळं होता येतं.

देखभालीवरून आठवलं. २०२१ मध्ये राज्यभर काय झालं होतं? ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची बिलं थकली म्हणून गावोगावची वीज तोडली गेली. सरपंच आंदोलनाला बसले, बिल कुणी भरायचं यावर वाद झाला. साध्या खांबावरच्या दिव्याचं बिल भरायला ज्या व्यवस्थेकडे पैसा नसतो, ती रंगीत दिव्यांचं बिल कुठून भरणार आहे? टेंडर काढताना हा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारला की तो विकासविरोधी.

मी रात्रीच्या बातम्यांसाठी या रस्त्यांवर खूप फिरलोय. सांगतो काय दिसतं. हायवेवर झगझगाट. गोदामाच्या कंपाऊंडच्या आत झगझगाट, कारण तिथे माल आहे आणि कॅमेरा आहे. आणि या दोन उजेडांच्या मधल्या अर्ध्या-एक किलोमीटरच्या रस्त्यावर अंधार. रात्रीची पाळी सुटली की पॅकिंगला असलेल्या बायका चार-पाच जणींचा घोळका करून, मोबाईलचा टॉर्च लावून रिक्षा नाक्यापर्यंत चालतात. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला रांगेने उभे कंटेनर. फूटपाथ नाही. पावसाळ्यात रस्ता कुठे संपतो आणि नाला कुठे सुरू होतो ते कळत नाही. त्या बायकांना विचारा, सुशोभीकरण म्हणजे काय? त्या सांगतील, नाक्यापर्यंत दहा खांब.

या दहा खांबांना मी लायटिंग डिझाइन म्हणतो. बाकीचं नंतर.

आता कुणी म्हणेल, यांना सौंदर्याचं वावडं आहे, यांना फक्त रडगाणं येतं. तसं नाही. जगात हे काम चांगलं झालेलं आहे आणि रंगीत लायटिंगसकट झालेलं आहे.

जर्मनीत डुइसबर्ग म्हणून शहर आहे. तिथला लोखंडाचा कारखाना १९८५ मध्ये बंद पडला. प्रचंड झोतभट्ट्या, धुराडी, खनिज साठवायची काँक्रीटची कोठारं आणि विषारी झालेली माती. सुमारे साडेचारशे एकर. पाडून टाकायचं की ठेवायचं यावर तिथेही भांडण झालं. शेवटी पीटर लाट्झ नावाच्या माणसाने आराखडा केला आणि १९९४ मध्ये ती जागा लोकांसाठी बाग म्हणून उघडली. त्याने भट्ट्या पाडल्या नाहीत. आजोबाने नातवाचा हात धरून यावं आणि "मी इथे हे काम करायचो" असं दाखवावं, ही त्यामागची कल्पना होती. सगळ्यात घातक माती कोठारांत बंद केली, बाकीच्या ठिकाणी झाडंझुडपं वाढू दिली आणि मातीला वेळ दिला. सांडपाणी वाहणाऱ्या जुन्या नदीचं घाण पाणी जमिनीखालच्या बंद नळातून नेलं आणि वरच्या पात्रात पावसाचं स्वच्छ पाणी सोडलं. कोठारांच्या भिंतींवर आता लोक गिर्यारोहण शिकतात. जुन्या गॅसच्या टाकीत पाणी भरून पाणबुडे सराव करतात. आत जायला तिकीट नाही.

आणि हो, तिथे रात्री भट्ट्यांवर रंगीत दिवे लागतात. पिंक फ्लॉइडसारख्या बँडचे रंगमंच करणाऱ्या जोनाथन पार्क यांनी ते केले. पण कधी? १९९६ मध्ये. बाग उघडल्यावर दोन वर्षांनी. माती झाली, पाणी झालं, वाटा झाल्या, लोक यायला लागले, मग दिवे. आणि ते दिवे पडतात कशावर? कामगारांनी आयुष्य घातलेल्या भट्ट्यांवर. प्लास्टिकच्या फ्लेमिंगोवर नाही.

आता मला सांगा, यातलं काय आपल्याला जमणार नाही? पैसा? पैसा आपण खांबांना पट्ट्या लावायला घालवतोच आहोत.

भिवंडीच्या बाबतीत तर एक गोष्ट मला फार लागते. मुंबईच्या गिरण्यांचं छप्पर करवतीच्या दातांसारखं असायचं. ते नक्षी म्हणून नव्हतं. दातांच्या उभ्या बाजूला काच, तोंड उत्तरेला. उत्तरेचा उजेड सावकाश, सारखा येतो, डोळ्यांवर येत नाही, सुताचा तुटलेला धागा दिसतो. म्हणजे कामगाराला नीट दिसावं म्हणून इमारतच तशी बांधली होती. आपल्या भिवंडीच्या शेडला तो थाट नव्हता. पत्र्याचं छप्पर, मध्येच एखादा पारदर्शक पत्रा आणि मागाच्या रांगेवर ट्यूबलाईट. त्या ट्यूबलाईटखाली मोमीन, पद्मशाली, उत्तर भारतातून आलेले, मराठवाड्यातून आलेले, सगळ्या जातीधर्मांचे लोक बारा-बारा तास उभे राहिले. ताणा-बाणा जमवला. अर्ध्या देशाला कापड घातलं.

कारखानदाराने उजेड लावला तो धागा दिसावा म्हणून. आता कारखाना गेल्यावर आपण उजेड लावणार तो माणूस दिसावा म्हणून लावणार की माणूस झाकला जावा म्हणून? हा निर्णय आपला आहे.

आता काही आक्षेप. इनबॉक्समध्ये येणारच आहेत, तर आधीच घेतो.

"दादा, चांगलं दिसलं तर गुंतवणूक येते, जमिनीला भाव येतो." येतो ना. भाव कुणाला येतो? ज्याने आपली गुंठेवारी कधीच विकून टाकली त्याला नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या लोडरला तर उलट भाडं वाढतं. बाग करून आसपासच्या गरिबाला हुसकावणं हा बागेचा हेतू असेल तर तसं स्पष्ट लिहा टेंडरमध्ये.

"मुलांना खेळायला जागा नको का?" हवी. म्हणूनच म्हणतो माती तपासा. जिथे वर्षानुवर्षं रंगाचं पाणी, खळ, बॉयलरची राख, मशीनचं तेल पडलं, त्याच्यावर चार इंच लाल माती आणि विकत आणलेलं गवत टाकून पोरं खेळायला सोडायची? शेतकऱ्याच्या पोरांनो, तुम्हाला सांगायला पाहिजे का माती वरून ओळखता येत नाही म्हणून?

"हे तज्ज्ञांचं काम आहे, आपल्याला काय कळतं?" कुठल्या मोरीत पाणी तुंबतं, भरती-पावसात कुठला रस्ता बुडतो, कुठल्या वळणावर बायका घाबरतात, हे वांद्र्याच्या नकाशात नसतं. ते आपल्याला कळतं. नकाशाला तीच माहिती कमी पडते.

नुसती टीका करून थांबत नाही. मागण्या लिहून देतो. मानकोली पट्ट्यात किंवा भिवंडीत कुठल्याही जुन्या कारखान्याच्या, गोदामाच्या किंवा पुलाखालच्या जागेचं सुशोभीकरण निघालं तर एवढं मागायचं:

१. मातीचा आणि विहीर-बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल आधी. मराठीत, गेटवर लावलेला. त्याशिवाय एकही रोप नाही.

२. पाण्याची वाट आधी. आपला सगळा पट्टा खाडीच्या काठचा, भरावाने नाले आखडलेत. बागेची जागा ही पाणी मुरायची जागा असली पाहिजे, काँक्रीटच्या ताटात ठेवलेली कुंडी नको.

३. पहिला दिवा चालणाऱ्याचा. गोदामाच्या गेटपासून रिक्षा नाक्यापर्यंत, नाक्यापासून गावापर्यंत, सलग फूटपाथ आणि सलग उजेड. दिव्याचं तोंड खाली, उजेड पिवळसर, ३,००० केल्विनच्या वर नको. ड्रायव्हरच्या डोळ्यात जाणारा पांढरा फोकस म्हणजे अपघाताला आमंत्रण.

४. झाडं इथली. करंज, भेंड, उंडी, जांभूळ, वड. खारी हवा सोसणारी, सावली देणारी. पामची झाडं सावली देत नाहीत, नुसती बिल देतात. झाडावर दिवा नाही, खिळा नाही, बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक नाही.

५. भिवंडीत यंत्रमागाची एक तरी शेड मागासकट जपा. चालू स्थितीतला माग ठेवा. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू, ज्या भाषांत ते काम चाललं त्या भाषांत पाट्या लावा. दाखवायला जुने कामगार नेमा, पगार देऊन. हे आत्ताच करा, माग भंगारात जायच्या आधी.

६. देखभालीचा खर्च आधी सांगा. पाच वर्षांचं वीजबिल किती, ते कुणाच्या नावावर येणार, दिवा बंद पडला तर कुणाला फोन करायचा. हे बोर्डावर. ज्याला हे सांगता येत नाही त्याने दिवा लावू नये.

७. तिकीट नको आणि वेळ आपल्या लोकांची. रात्री साडेदहाला पाळी सुटणाऱ्याला आठला बंद होणारी बाग काय कामाची?

या सातात एकही मागणी आकाशातला चंद्र नाही. महागही नाही. कारंज्याच्या पैशात यातल्या निम्म्या होतील.

आता तुमचं काम. एमआरटीपी कायद्याखाली प्रारूप विकास आराखडा निघाला की हरकती आणि सूचना द्यायची मुदत असते. आपल्याकडे ती मुदत उलटल्यावर लोकांना बातमी कळते. यावेळी तसं होऊ द्यायचं नाही. ग्रामसभेत ठराव मांडा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, झेंडावंदन झालं की भजी खाऊन घरी पळू नका, बसा. ठरावाने लगेच काम होत नाही हे मलाही माहीत आहे. पण उद्या कुणी म्हणालं, "गावाने कधी मागितलंच नाही," तर दाखवायला कागद पाहिजे.

आणि खाली कमेंटमध्ये "छान लेख", "सडेतोड" असलं लिहू नका. कामाचं लिहा. तुमच्या रस्त्यावर अंधार नेमका कुठे आहे, किती खांब आहेत, किती बंद आहेत, रात्री किती वाजता माणसं तिथून चालतात. कंपनीचं नाव नको, जागेची खूण पुरे. मोरीजवळ, वडाजवळ, वजनकाट्याच्या पुढे, असं. महिन्याभरात सगळ्यांची मिळून एक यादी करतो. ती ग्रामपंचायतीला आणि नियोजन प्राधिकरणाला लेखी देऊ, पोच घेऊ आणि ती पोच इथेच टाकतो.

ज्यांनी मला टॅग केलं त्या पोरांनीच पहिल्या पाच जागा लिहाव्यात. तुम्ही रोज रात्री त्याच रस्त्याने घरी येता.